द्रौपदीला पणाला लावणारा धर्मराज मुलांना कसा सांगावा?

जिज्ञासू, वडोदरा: दांडिया बाजारातील आमच्या घरी शनिवारी संध्याकाळी आसपासची मराठी मुले गोष्टी ऐकायला जमतात. कीर्तिमंदिरातील नंदलाल बोस यांचे महाभारत युद्धाचे भित्तिचित्र पाहून आल्यापासून त्यांना महाभारतच हवे असते. द्यूताचा प्रसंग सांगून झाल्यावर आठवीतल्या एका मुलीने विचारले, "ताई, बायकोला पणाला लावणाऱ्याला धर्मराज का म्हणायचे?" 'काळच तसा होता' हे उत्तर मला पुरेसे वाटत नाही आणि युधिष्ठिराला खलनायक ठरवून मोकळे होणेही पटत नाही. करुणेचे आणि आत्मसुधारणेचे धडे अशा माणसाकडून घ्यायचे, तर ते कशाच्या आधारावर?

वाचक, इंदूर: मुलीचा प्रश्न रास्त आहे, त्याची धार कमी करू नका, मात्र सभापर्वापाशी थांबूही नका. भावांपैकी युधिष्ठिराने सर्वांत आधी नकुलाला पणाला लावले, मग सहदेवाला, आणि त्यावर शकुनीने त्याला डिवचले की, माद्रीचे पुत्र तू लावलेस, भीम-अर्जुन मात्र तुला अधिक मोलाचे दिसतात. पुढे वनवासाच्या अखेरीस तळ्याकाठी चौघेही भाऊ निष्प्राण पडलेले असताना यक्ष म्हणतो की, यांतला एकच मी उठवीन. युद्ध समोर दिसत असूनही युधिष्ठिर भीम-अर्जुनांना सोडून नकुलाचे नाव घेतो, कारण कुंतीचा एक पुत्र, म्हणजे तो स्वतः, जिवंत आहे. माद्रीचाही एक राहावा. माद्री तर केव्हाच गेलेली, तिच्या वतीने मागायला तिथे कोणी नव्हते! मधल्या काळात त्याने भीमाचे जिव्हारी लागणारे बोल ऐकून घेतले आणि 'माझ्याच अनीतीमुळे तुमच्यावर हे संकट आले' अशी कबुलीही त्याला दिली. ही कबुली वगळून यक्षप्रश्न सांगितला, तर उरते ती नुसती हुशार उत्तरांची गोष्ट.

जिज्ञासू, वडोदरा: नकुलाचे दोन्ही प्रसंग पुढच्या वेळी शेजारी ठेवून वाचीन. पण द्रौपदीला त्यातून काय मिळाले?

अभ्यासक, ग्वाल्हेर: काहीच नाही, आणि मुलांना ते तसेच सांगावे. 'आधी स्वतःला हरला की मला?' या तिच्या प्रश्नावर भीष्मही धर्माची गती सूक्ष्म आहे, एवढेच म्हणू शकले. रोमचा तत्त्वज्ञ सेनेका याचेही मी असेच करतो. सम्राट नीरोला उद्देशून त्याने दयेवर ग्रंथ लिहिला आणि इ. स. ५९ मध्ये नीरोने स्वतःच्या आईला मारविल्यावर त्या कृत्याचे समर्थनही त्यानेच लिहून दिले, असे रोमन इतिहासकार टॅसिटस सांगतो. ते मला अक्षम्य वाटते. तरीही रात्री दिवा नेल्यावर दिवसभराचे आपले बोलणे-वागणे स्वतःपुढे तपासण्याची जी सवय त्याने क्रोधावरील ग्रंथात नोंदवली आहे, ती मी पाळतो. तिच्यामुळे घरच्यांवर निघणारा माझा राग खरोखर कमी झाला आहे.