मदत हवी आहे: ऑटोकॅडमध्ये १:२० च्या डिटेलमध्ये जुनी डायमेन्शन्स (मापं) दिसत नाहीत

नमस्कार मंडळी. गिरगावातल्या एका चाळीच्या पुनर्विकासाची ड्रॉइंग्ज ऑटोकॅड या सॉफ्टवेअरमध्ये करतेय. एकाच शीटवर मजल्याचा प्लॅन १:१०० ला आणि संडास-बाथरूमचं डिटेल १:२० ला, दोन्ही एकाच मॉडेलमधून.

आधी काम करणाऱ्याने अक्षरं थेट २५० मिमी उंचीची टाकली होती. १:१०० ला ती कागदावर बरोबर २.५ मिमी येतात, पण १:२० च्या व्ह्यूपोर्टमध्ये (शीटवर मॉडेल दाखवणाऱ्या चौकटीत) तीच साडेबारा मिमी. ‘नहाणी ट्रॅप’ एवढ्या दोन शब्दांखाली अर्धं बाथरूम झाकलं गेलं!

म्हणून टेक्स्ट आणि डायमेन्शन, दोन्ही स्टाइल ॲनोटेटिव्ह केल्या (म्हणजे स्केल कुठलंही असलं तरी कागदावर उंची तीच राहते), कागदावरची उंची २.५ दिली. नवीन डायमेन्शन्स छान येतात. जुनी ॲनोअपडेट कमांडने बदलली, तर त्यांना फक्त १:१०० हे एकच स्केल लागलं आणि १:२० ला ती गायब. ऑब्जेक्टस्केल कमांडने १:२० हे स्केल जोडलं की दिसतात, पण भिंतीवर चढलेली असतात. ग्रिपने (निवडल्यावर दिसणारे छोटे चौकोन धरून) सरकवली की फक्त त्याच स्केलची जागा बदलते, हे बरंच आहे, पण एकेक किती सरकवणार?

फक्त बाथरूमची डायमेन्शन्स एकदम निवडून स्केल जोडायचा सोपा मार्ग आहे का? की डिटेलची डायमेन्शन्स वेगळ्या लेअरवर नव्याने टाकू? शनिवारी प्लंबरच्या हातात प्रिंट द्यायची आहे, आणि माप चुकीचं वाचलं गेलं तर टाइल्स फोडाव्या लागतील. कृपया सांगा.