चाकातला आवाज: तुमचा चोर शेवटी कुठे सापडला?

माझी गाडी १६ वर्षांची. इंजिन अजून गुणी आहे, पण गेले दोन महिने पुढच्या डाव्या बाजूने ‘घूंऽऽ’ ऐकू येतं. चाळीसला सुरू होतं, साठला अंगावर येतं आणि ऐंशीला शेजारच्या माणसाशी ओरडून बोलावं लागतं. मेकॅनिकने एक चक्कर मारली आणि ‘बेअरिंग गेलं’ म्हणून मोकळा झाला. डावं बेअरिंग बदललं. आवाज जसाच्या तसा. ‘मग उजवं असेल’ म्हणाला, तेव्हा मात्र गाडी घेऊन घरी आलो.

एक तपासलंय. वेगात असताना न्यूट्रल केलं. इंजिनाचे फेरे खाली आले, आवाज खाली आला नाही. म्हणजे इंजिन सुटलं. जे बोंबलतंय ते चाकाबरोबर फिरणारं काहीतरी आहे. ज्यांनी जुन्या गाडीत असा आवाज शोधलाय त्यांनी लिहा: काय ऐकू आलं, काय वाटलं आणि निघालं काय. फसलेले अंदाज आधी लिहा, बरोबर आलेले सगळेच सांगतात.

*

माझं खरोखर बेअरिंगच होतं, फक्त बाजू चुकली होती. आवाज डावीकडून येतोय हे मी छातीठोकपणे सांगत होतो. पत्र्यातून आणि चेसिसमधून आवाज असा काही फिरतो की कानावर विसंबूच नये.

मोकळ्या सरळ रस्त्यावर पन्नासच्या आसपास स्टिअरिंग हलकेच डावीकडे, मग उजवीकडे झुलवून पाहिलं. डावीकडे वळवलं की गाडीचा भार उजव्या चाकांवर जातो. माझा आवाज तेव्हा वाढत होता, उजवीकडे वळवलं की जवळजवळ गप्प. तरी खात्री पटेना, कारण चाक वर-खाली धरून हलवलं तर प्ले (ढिलेपणा) अजिबात नव्हता. नंतर कळलं की प्ले यायच्या कितीतरी आधी बेअरिंग गुणगुणायला लागतं.

शेवटी गाडी जॅकवर घेतली (खाली स्टँड लावून, नुसत्या जॅकवर नाही). एका हाताने चाक फिरवलं, दुसऱ्या हाताची बोटं सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर. डाव्या स्प्रिंगला काहीच नाही. उजवीला बोटांखाली बारीक खरखर, जात्यात वाळू पडल्यासारखी. कानाला मात्र ती खरखर अजिबात ऐकू येत नव्हती. बेअरिंग बदललं आणि गाडी शांत झाली.

*

आमचा किस्सा दोन ओळींचा आहे. कच्च्या रस्त्यावरून आलो आणि पुढच्या चाकातून पत्रा कापल्यासारखी किंकाळी. ब्रेकची डिस्क, कॅलिपर, बेअरिंग, सगळ्यांची चर्चा झाली. डिस्क आणि तिच्यामागच्या, धूळ अडवणाऱ्या पत्र्यात हरभऱ्याएवढा खडा अडकला होता. गाडी रिव्हर्स घेतली, खडा पडला. पत्रा मात्र थोडा वाकला होता, तो स्क्रूड्रायव्हरने मागे सारेपर्यंत ‘शूं शूं’ चालूच राहिलं.

*

वरच्यांना जोड. किंकाळी ब्रेक दाबल्यावर थांबत असेल तर पॅड बघा. पुष्कळ पॅडना एक छोटी पट्टी असते, पॅड झिजला की ती डिस्कला घासून ओरडते. तिचं कामच ते आहे. मी चार महिने तिला ‘जुन्या गाडीची सवय’ समजून माफ केलं. डिस्कसुद्धा बदलावी लागली.

*

सीव्ही जॉइंटवाला मी, म्हणजे इंजिनाचा जोर वळलेल्या चाकापर्यंत पोचवणारा सांधा. पार्किंगमधून स्टिअरिंग पूर्ण वळवून बाहेर पडताना ‘कट-कट-कट’. सरळ चालताना काही नाही, म्हणून दुर्लक्ष केलं. वळताना ॲक्सिलरेटर दिला की वाढायचं, सोडला की कमी. रिमच्या आतल्या बाजूला काळ्या ग्रीसचे शिंतोडे उडालेले होते. गाडी धुताना मीच ते दोनदा पुसले होते आणि ग्रीस आलं कुठून हे स्वतःला विचारलं नव्हतं! रबरी बूट फाटला होता, आत धूळ-पाणी गेलं होतं. तेव्हाच बूट बदलला असता तर जॉइंट कदाचित वाचला असता.

*

आवाज मोजता येतो, असं माझं म्हणणं. १७५/६५ आर १४ मापाच्या टायरचा घेर साधारण १.८३ मीटर. ताशी १० किलोमीटरला असं चाक दोन सेकंदांत तीन फेरे घेतं. टक-टक त्याच तालात असेल तर ती चाकाच्या फेऱ्याला एकदा होतेय: ट्रेडमधला (टायरच्या नक्षीतला) खडा, टायरला आलेला फुगा, ब्रेकच्या ड्रममधला उंचवटा वगैरे.

माझी गाडी मागच्या चाकांवर चालणारी. सावकाश जाताना ‘चूं चूं’ यायचं, मागच्या ड्रममधून येतंय असं सगळ्यांचं मत. दोनदा ड्रम उघडून लायनर साफ करून झाले. मग मी टायरवर खडूने रेघ मारली, गाडी न्यूट्रलमध्ये सपाट जागेवर दोघांना ढकलायला लावली आणि शेजारून चाललो. रेघ एकदा वर येऊन पुन्हा वर येईपर्यंत चार ‘चूं’. चाकाच्या एका फेऱ्यात चारदा फिरणारं काय असतं? प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा दांडा. तो जिथे चाकांना जोडतो त्या डिफरन्शिअलचं प्रमाण माझ्या गाडीत चारच्या आसपास आहे, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यात शाफ्टचे चार. शाफ्टच्या सांध्यातला क्रॉस आतून कोरडा पडून गंजला होता. ड्रम बिचारे निर्दोष.

*

माझा अनुभव हसण्यासारखा नाही. स्टेपनी लावून घेतली, दुसऱ्या दिवशी कमी वेगात ‘धब धब’, स्टिअरिंगला हलकी थरथर. आधीच्या महिन्यात गाडी एका जागी उभी होती, तेव्हा टायर चपटा बसला असेल, चालून गरम झाला की गोल होईल असं वाटलं. तसं होतंही कधीकधी. पण थोड्या वेळात जायला हवं ते वाढत गेलं. थांबलो. दोन नट बोटांनी फिरत होते.

चाक काढून-घालून झाल्यावर ५० ते १०० किलोमीटरने नट पुन्हा तपासा असं सांगतात ते उगाच नाही. नवा आवाज चाक काढल्यानंतर आला असेल तर बाकी सगळे तर्क बाजूला ठेवून, गाडी तिथेच थांबवून पाना हातात घ्या.

*

मी हेच काम करतो, म्हणून आमच्याच बिरादरीचं एक पाप सांगतो. बेअरिंग हबमध्ये बसवताना जोर बाहेरच्या रिंगवर द्यायचा असतो. घाईत आतल्या रिंगवर दाबलं किंवा हातोड्याने ठोकलं, की गोळ्यांच्या वाटेवर खळगे पडतात आणि नवंकोरं बेअरिंग काही दिवसांत गायला लागतं. काही बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्ये एबीएससाठी (ब्रेक मारताना चाक अडकू न देणारी यंत्रणा) चुंबकीय पट्टी असते, ती उलटी बसली तर डॅशबोर्डवरचा दिवा लागतो. अगदी जुन्या गाड्यांत टेपर बेअरिंगचा नट हाताने ॲडजस्ट करायचा असतो, तो आवळून ठेवला की बेअरिंग तापून मरतं.

त्यामुळे तुमचं नवं बेअरिंगही संशयात धरा. पण त्याआधी एक. रस्ता बदलला की आवाज बदलतो का, हे तुम्ही लिहिलं नाहीत. गुळगुळीत डांबर आणि खरबरीत डांबर, दोन्हींवर एकाच वेगाने जाऊन बघा. बेअरिंगला रस्ता कळत नाही.

*

धागा काढणारा मीच पुन्हा. काल जाऊन आलो. नव्या गुळगुळीत पट्ट्यावर आवाज निम्म्यावर आला, पुढे खडबडीत भाग सुरू झाला तशी घूं परत. झुलवून पाहिलं तर दोन्हीकडे सारखाच.

आज सकाळी पुढची चाकं त्याच बाजूला मागे आणि मागची पुढे घातली. गल्लीच्या तोंडापर्यंत काही कळलं नाही, पण चाळीस ओलांडल्यावर बायको मागच्या सीटवरून म्हणाली, “आता माझ्याकडे आला.” घरी येऊन ते डावं टायर सोडवलं आणि तळहात ट्रेडवरून गोल फिरवला. एका दिशेने सपाट, उलट फिरवला की प्रत्येक ठोकळ्याची कड बोटांना लागत होती, करवतीसारखी. शिवाय हातभर अंतरावर उथळ वाट्या पडलेल्या. डोळ्यांना हे टायर चांगलं दिसत होतं, ट्रेडही भरपूर शिल्लक.

वाट्या का पडल्या तेही सापडलं. पुढच्या डाव्या शॉकअपच्या (झटके शोषणाऱ्या दांड्याच्या) नळीवर तेल झिरपून त्यावर धूळ जमली आहे. तो कोपरा दाबून सोडला की गाडी दोन-तीनदा डोलते, उजवा कोपरा एकदा वर येऊन गप्प बसतो. शॉकअपची जोडी मागवली आहे, त्यानंतर चाकांची अलाइनमेंट आणि मग टायर, याच क्रमाने.

काढलेलं बेअरिंग मेकॅनिकने पिशवीत घालून दिलं होतं. आत्ता हातात घेऊन फिरवतोय. लोण्यासारखं फिरतं.