१२३४५६७८९८७६५४३२१ : हर्षद, डेम्लो की कापरेकर?

बेरीजवजाबाकी
ही संख्या कुठे हर्षद (आपल्याच अंकांच्या बेरजेने भाग जाणारी), कुठे डेम्लो, तर कुठे चक्क कापरेकर संख्या म्हणून दिलेली असते. नेमकं खरं काय? एक्सेलमध्ये टाकली की शेवटचे २१ जाऊन ०० येतात, त्यामुळे भागाकारही तपासता येत नाही.

हातचा_एक
एक्सेल १५ च अंक धरून ठेवतं, ही १७ अंकी. सेल टेक्स्ट केलात तर दिसेल नीट, पण गणित होणार नाही. जावास्क्रिप्टमध्ये शेवट ३२० होतो: ९००७१९९२५४७४०९९२ (२ चा ५३ वा घात) ओलांडला की तिथे फक्त सम संख्याच साठवता येतात. पायथॉनमधला साधा पूर्णांक वापरा, पण भागाकाराला दोन तिरप्या रेघा द्या. एक दिलीत की पुन्हा दशांशात घसराल.

ही १११११११११ ची वर्गसंख्या. त्याचे अवयव ३ × ३ × ३७ × ३३३६६७. म्हणून वर्गात ३ चा चौथा घात आणि बाकी दोघांचे दुसरे. अंकांची बेरीज ८१, म्हणजे नेमका ३ चा चौथा घात. हर्षद पक्की, आणि भागाकार १२३४५६७९ चा वर्ग.

शून्यलब्धी
डेम्लोही बरोबर. देवळालीचे गणितज्ञ द. रा. कापरेकर यांनी हे नाव तेव्हाच्या जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेच्या डेम्लो स्टेशनवरून (आताचं डोंबिवली) दिलं. नुसत्या एकांनी बनलेल्या संख्यांचे वर्ग, म्हणजे १, १२१, १२३२१ पासून इथपर्यंतच्या नऊ संख्या, त्या कुळातलेच.

कापरेकर संख्या मात्र नाही. वर्गाचे दोन तुकडे करून बेरीज घेतली की मूळची संख्याच यायला हवी: ४५ चा वर्ग २०२५, आणि २० + २५ = ४५, ही खरी कसोटी. १११११११११ च्या वर्गाचे तुकडे १२३४५६७८ आणि ९८७६५४३२१. बेरीज ९९९९९९९९९ येते, १११११११११ नाही. (याच बेरजेमुळे आपल्या संख्येला ९९९९९९९९९ ने भाग जातो.) खुद्द ही संख्या घेतली तरी तेच. तिच्या वर्गाचे उजवीकडून १७ अंक तोडायचे, तर संख्या × (संख्या − १) ला १७ नवांच्या संख्येने (१७ वेळा ९ लिहून होते ती) भाग जायला हवा. १७ नवांचा एक मूळ अवयव २०७१७२३, आणि त्याने या दोहोंपैकी कशालाच भाग जात नाही.

बेरीजवजाबाकी
३३३६६७ मूळ आहे हे हाताने कसं पाहायचं? वर्गमूळ ५७७ च्या थोडं पुढे, आणि ५७७ पर्यंत १०६ मूळ संख्या आहेत!

हातचा_एक
१७ पुरतात. ३३३६६७ × ३ = १००१००१, आणि त्याला ९९९ ने गुणलं की नऊ नव. ३३३६६७ ला ना ३ ने भाग जातो ना ३७ ने, म्हणून त्याच्या कुठल्याही मूळ अवयवाने भागल्यावर बाकी १ देणारा १० चा पहिला घात नववाच. तेव्हा अवयव वजा १ ला ९ ने, आणि अवयव विषम म्हणून १८ ने भाग जाणार, म्हणजे १८ ने भागल्यावर तो बाकी १ च ठेवणार. १९, ३७, ७३, १०९, १२७ असं ५७७ पर्यंत जा. एकानेही भाग जात नाही.

शून्यलब्धी
दहा एकांच्या संख्येच्या (११११११११११) वर्गात १२१, १२३२१ हा नमुना मोडतो, हे बऱ्याच ठिकाणी गाळलेलं असतं. मधल्या १० चा हातचा ९ वर, त्याचा पुढे ८ वर, म्हणून वर्ग १२३४५६७९००९८७६५४३२१. उलट वाचून तीच संख्या येत नाही. अंकांची बेरीज ८२, आणि विषम संख्येला ८२ ने भाग कुठला जायला, हर्षदपणाही गेला.