आठवीतली मुलगी गप्प गप्प असते, शाळेत कोणाशी बोलायचं?

हल्ली ती मैत्रिणींचं नावच काढत नाही, रात्री उशिरापर्यंत जागी आणि सकाळी पोट दुखतं म्हणून शाळा नको. पालकांच्या ग्रुपवर विचारायचं म्हटलं तर लगेच चर्चा होईल ही भीती, नवरा म्हणतो वय आहे, होईल ठीक. मला नाही तसं वाटत.

क्लासटीचर: ग्रुपवर नकोच. वर्गशिक्षकांना एकटीने भेटा आणि ‘तिचं काय चुकतंय’ असं न विचारता मधल्या सुट्टीत ती कोणाबरोबर असते, हल्ली काय बदललंय ते विचारा, आम्हाला वर्गात जे दिसतं ते घरी दिसत नाही आणि उलटंही. समुपदेशक असतील तर पुढच्या भेटीची तारीख तेव्हाच ठरवून घ्या. आणि आधी मुलीला सांगा हां, तिच्या पाठीमागे काही करू नका प्लीज.

दोन मुलांचा बाबा: पोटदुखी खरी असू शकते, डॉक्टरांना दाखवाच. या वयात ८ ते १० तास झोप लागते.

सायली_स: ताई, तुम्ही एकट्या नाही. जागतिक आरोग्य संघटनेनुसार १० ते १९ वयातल्या साधारण ७ पैकी एकाला मानसिक आजाराचा त्रास असतो. ‘जगावंसं वाटत नाही’ असं कधी वाटतं का हे सरळ विचारा, विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. हो म्हणाली तर थांबू नका, तिला एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

प्रश्नकर्ती: आज रात्री तिच्याशी बोलते, उद्या टीचरना मेसेज करते.