काकांची कसकस आणि ग्रुपवरचा इंटरफेरॉन

कुलकर्णी काका (ए-२०१): फॉरवर्डेड - कच्ची हळद, काळी मिरी, मध. बारा तासात फुप्फुसातला व्हायरस साफ 🙏 सगळ्यांनी घ्या, मी कालपासून घेतोय

सुनंदा काकू (ए-२०१): घेताय ते लिहिलंत, रात्रभर कण्हत होतात ते पण लिहा

मुग्धा (बी-४०३): काका हळद दुधातून घ्या बिघडत काही नाही, पण साफबिफ ती नाही करत. ते काम सध्या तुमच्या पेशीच करतायत आणि अंग मोडून येतंय ते बरंचसं त्यापायीच

कुलकर्णी काका: म्हणजे माझं अंग मीच दुखवून घेतोय??

मुग्धा: तसंच म्हणा 😄 फ्लूचा व्हायरस पेशीत शिरला की त्याचा आरएनए, म्हणजे त्याच्या जनुकांचा धागा, आतल्या एका प्रथिनाला ओळखू येतो, रिग-आय म्हणतात त्याला, कारण आपल्या आरएनएच्या टोकाला एक टोपी असते आणि ह्याचा बोडका असतो. मग ती पेशी इंटरफेरॉन नावाचं प्रथिन बाहेर सोडते आणि गंमत म्हणजे ते व्हायरसला हातही लावत नाही, शेजारच्या पेशींना फक्त कळवतं, की त्या लगेच व्हायरसला अडवणारी शेकडो जनुकं चालू करतात. हिपॅटायटिस सी च्या पेशंटना पूर्वी ह्याचीच इंजेक्शनं द्यायचे, त्यांना फ्लू नसताना फ्लूसारखा ताप आणि अंगदुखी व्हायची

बोरस्ते भाऊ (सी-३०२): म्हणजे दिवाळीत बी विंगला चोर शिरला तेव्हा रात्री अडीचला ग्रुपवर मेसेज पडला तसं

निकम सेक्रेटरी: पडला हो, वाचला कोणी? सात जणांनी सकाळी उठून अंगठे टाकले

मुग्धा: निकम काका अगदी हेच दुखणं आहे!! कोरोनाचा व्हायरस स्वतःच्या काही प्रथिनांनी हा मेसेजच दाबून टाकतो, शेजाऱ्यांना कळेपर्यंत उशीर. आणि काहींच्या तर रक्तातच स्वतःच्या इंटरफेरॉनला निकामी करणाऱ्या अँटीबॉडीज असतात. २०२० मध्ये कोरोनाचे ९८७ अत्यवस्थ पेशंट तपासले त्यात १०१ जणांत सापडल्या, त्यातले ९५ पुरुष

सुनंदा काकू: ९५. वाचलंत का अहो

कुलकर्णी काका: वाचलं

निकम सेक्रेटरी: बरं पण मेसेज वाचून शेजारची पेशी करते काय, कडी लावते?

मुग्धा: बरंच काय काय करते, मला आवडतं ते सांगते. आयएफआयटीएम-३ नावाचं इवलंसं प्रथिन आहे. व्हायरस पेशीत येतो तो पेशीच्याच पडद्याच्या एका पिशवीत बसून, आणि खरा आत उतरायचा तर त्याला स्वतःचं आवरण त्या पिशवीच्या पडद्यात मिसळावं लागतं. दोन्ही आवरणं चरबीचीच. आता हे प्रथिन त्या पडद्यात बसून त्याला ताठ करून टाकतं. पातळ तुपाचे दोन थेंब कसे पटकन एक होतात, पण आज सकाळी तुमच्या बरणीत जे थिजलेलं तूप असेल ना त्याचे दोन गोळे होतील का एक? तसं. पिशवीतच अडकतो आणि तिथेच त्याचा निकाल लागतो. उंदरांमधलं हे प्रथिन काढून टाकलं तर एरवी सौम्य असलेला फ्लू पण त्यांच्या जिवावर बेतला

सुनंदा काकू: तुपाचं खरंय, चमचा वाकला आज

बोरस्ते भाऊ: आमच्या मळ्यावर निफाडला काल रात्रभर शेकोट्या पेटवल्या बागेत, पारा कुठल्या कुठे गेलाय. मुग्धाताई थंडीनी सर्दी होते हे खरं का आजीचं काहीतरी

मुग्धा: आजी अगदीच चुकली नाही. सर्दीचा रायनोव्हायरस नाकातल्या ३३ डिग्रीला जोमात वाढतो, शरीराच्या ३७ ला तेवढा नाही. उंदरांच्या श्वासनलिकेच्या पेशींवर पाहिलं तर गारव्यात इंटरफेरॉनचाच मेसेज मंद निघत होता. तेव्हा मफलर नाकावरून घ्या, नुसता कानाला नको 😄

निकम सेक्रेटरी: हे शोधलं कोणी

मुग्धा: १९५७, लंडन. आयझॅक्स आणि लिंडेनमान. कोंबडीच्या अंड्यातल्या पातळ पडद्यावर उष्णतेने मारलेला फ्लूचा व्हायरस ठेवला, आणि त्या पडद्यांभोवतीचं नुसतं पाणी ताज्या पडद्यांना दिलं तर जिवंत व्हायरस तिथे वाढेना. पाण्यात काहीतरी उतरलं होतं, ते हे

सुनंदा काकू: मग अंडी द्यायची का ह्यांना

मुग्धा: नाही हो काकू 🙈 खाऊन नाही मिळत ते. पेज, पाणी, झोप. काका आज कितवा दिवस? दम लागतोय का? तुम्हाला शुगर आहे, तीन दिवसांच्या वर ताप राहिला तर डॉक्टरकडे जाच आणि दम लागला तर वाट बघूच नका

कुलकर्णी काका: आज तिसरा. ९९.८ आहे. दम नाही

मुग्धा: तरी ऑक्सिजन बघून ठेवा. सोसायटीचा ऑक्सिमीटर कोणाकडे आहे?

निकम सेक्रेटरी: २०२१ ला घेतलेला. रजिस्टरला शेवटची सही सी-१०४

पगार वहिनी (सी-१०४): आहे आहे, देवघराच्या ड्रॉवरमधे. फक्त सेल मुलानी टीव्हीच्या रिमोटला लावलेत

निकम सेक्रेटरी: 🤦

बोरस्ते भाऊ: मी खालीच आहे, सेल घेऊन येतो. काका दार उघडू नका, कडीला पिशवी अडकवतो