मदत हवी आहे: मरळीच्या अंगावर जखमा, शहराच्या सांडपाण्यामुळे की रोगामुळे?

नमस्कार मंडळी,

मी नागपूरचा. माझे मामा कुही तालुक्यात कन्हानच्या काठी राहतात, घरात पिढीजात मासेमारी. थंडी पडली की जाळ्यात येणाऱ्या मरळींच्या अंगावर लाल चट्टे दिसतात. खवले गळालेले, मधोमध मांस उघडं पडलेलं, काहींच्या शेपटीची कड झिजलेली. असा मासा बाजारात कोणी हातात धरत नाही. "बाबू, हे तुमच्या शहराचं पाणी हाये," मामा म्हणतात. मला उत्तर देता येत नाही, कारण नाग नदी आमच्या वस्तीतूनच वाहते आणि पुढे कन्हानलाच मिळते.

भांडेवाडीला सांडपाणी शुद्ध होतं, त्यातलं बरंचसं कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांना जातं, हे माहीत आहे. न शुद्ध केलेलं पाणी माशांना वाईट, हे कोणीही सांगेल. मला शुद्ध केलेल्या पाण्याचं विचारायचं आहे. त्यातून बीओडी (पाण्यातली घाण कुजताना जंतूंना लागणारा ऑक्सिजन) उतरतो, पण अमोनिया, फॉस्फेट, औषधांचे अंश आणि संप्रेरकं (हार्मोन्स) पूर्ण निघत नाहीत. इंग्लंडच्या नद्यांत सांडपाणी केंद्रांच्या खाली रोच जातीच्या नर माशांच्या वृषणात अंडपेशी सापडल्या, तो अभ्यास १९९८ चा. कॅनडात २००१ ते २००३ या काळात एका तळ्यात गर्भनिरोधक गोळीतलं संप्रेरक लिटरला ५-६ नॅनोग्रॅम इतकंच सोडलं, तर फॅटहेड मिनो हा छोटा मासा तिथून जवळजवळ संपला. मासे मेले म्हणून नव्हे, पिल्लंच होईनात म्हणून. हे वाचल्यापासून झोप उडाली आहे.

तर या जखमा पाण्याच्या की रोगाच्या, हे कसं ओळखायचं? आणि तपासायला नेमकं काय, कधी, कुठे न्यायचं? मामांना कोरडा दिलासा नको, काहीतरी हाती लागेल असं सांगा.

प्रतिसाद १

दादा, तुम्ही सांगता ती लक्षणं ईयूएस म्हणजे व्रणरोगाशी फार जुळतात. ॲफॅनोमायसिस इन्व्हाडन्स नावाच्या बुरशीसारख्या जीवाने होतो, भारतात १९८८ मध्ये आला, थंडीतच डोकं वर काढतो आणि मरळ त्याची पहिली शिकार. एक सोपी खूण पाहा: त्याच जाळ्यातल्या चिलापीला (तिलापिया माशाला) जखमा आहेत का? चिलापीला हा रोग सहसा होत नाही. तिलाही असतील तर दुसरं कारण शोधायला हवं.

खात्री मात्र सूक्ष्मदर्शकाखालीच होते. ताज्या, लहान जखमेच्या कडेचा तुकडा हवा, खालच्या स्नायूसकट. जुना सडलेला व्रण नको. तुकडा सेंटिमीटरपेक्षा जाड नको, तुकड्याच्या दहापट १० टक्के फॉर्मेलिनमध्ये (नमुना टिकवणाऱ्या द्रवात) बुडवा. फ्रीजरमध्ये घालू नका, पेशी फुटतात. तेलंगखेडीच्या मत्स्य विज्ञान महाविद्यालयात आधी फोन करून विचारा.

प्रतिसाद २

रोग निघाला तरी पाणी निर्दोष सुटलं असं समजू नका. अमोनियाने कल्ले आणि कातडी कमजोर झाली की जंतूंना वाट मोकळी होते. पाणी सकाळी दहाला बाटलीत भरून नेलं तर दोन्ही गोष्टी हुकतात. ऑक्सिजन सूर्योदयाआधी सर्वांत कमी असतो, कारण रात्रभर शेवाळ तो वापरतं. आणि दुपारी शेवाळामुळे पाण्याचा पीएच (आम्ल-अल्कतेचं माप) चढला की तोच अमोनिया जास्त विषारी होतो. दोन्ही वेळा जागेवरच मोजा, तापमानासकट. माशांसाठी ऑक्सिजन लिटरला किमान ४ मिलिग्रॅम हवा, मुक्त अमोनिया १.२ च्या आत, हा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष आहे. नाग मिळते त्याच्या वर आणि खाली, दोन्हीकडे एकाच दिवशी मोजा. वरचं पाणी निर्मळच असेल असं धरून चालू नका.

संप्रेरकांचा त्रास बाहेरून दिसत नाही, त्यासाठी नराचं वृषण कापून पाहावं लागतं. पण आशा सोडू नका. कॅनडाच्या ग्रँड नदीवर किचनरचं केंद्र २०१२ मध्ये सुधारल्यावर काही वर्षांत तिथल्या नर माशांच्या वृषणात अंडपेशी होण्याचा हा दोष खूप कमी झाला.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. मामांना आत्ताच फोन केला. चिलापी रोजच येते म्हणतात, पण जखमा पाहिल्याचं त्यांना आठवत नाही. उद्यापासून वेगळी काढून ठेवतील. फॉर्मेलिन इथे किरकोळीत कुठे मिळेल आणि हाताळताना काय जपायचं, तेवढं कोणी सांगेल का?