कॉम्प्रेशन शिकवताना आधी हफमन की आधी फाइल?

खडूफळा

गेली काही वर्षं इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला कॉम्प्रेशन शिकवतो आहे. आता माझं मत पक्कं झालंय : हफमनच्या झाडापासून, म्हणजे जास्त वेळा येणाऱ्या चिन्हाला लहान कोड देणाऱ्या रीतीपासून, सुरुवात करणं थांबवायला हवं.

यंदाच्या तोंडी परीक्षेत एका मुलाने फळ्यावर हफमनचं झाड एकही चूक न करता काढलं. मग मी विचारलं, "फोनमधल्या दोनशे फोटोंचं फोल्डर झिप केलंस तर किती जागा वाचेल?" तो म्हणाला, "निम्मी तरी वाचेल, सर." जेपेग फोटो आधीच दाबलेला असतो, आणि त्या दाबण्यात शेवटची पायरी बहुतेक वेळा हफमनचीच असते. चरकातून निघालेलं चिपाड पुन्हा घातलं तर रस कुठून येणार? पण जे झाड त्याने नुकतं काढलं तेच प्रत्येक फोटोच्या पोटात आहे, हे त्याला ठाऊक नव्हतं. यात दोष त्याचा नाही, आमच्या शिकवण्याच्या क्रमाचा आहे.

मला वाटतं, पहिल्या तासाला प्रत्येकाने स्वतःची मराठी मजकुराची एक फाइल आणावी. जीझिप, एक्सझेड आणि झेडस्टँडर्ड या फाइल दाबणाऱ्या टूलांनी ती दाबून आकार आणि लागलेला वेळ लिहून काढावा. मग मूळ फाइलचे बाइट उघडून बघावेत. 'मराठी' हा शब्द अक्षरांचे बाइट ठरवणाऱ्या यूटीएफ-८ पद्धतीत असा साठतो :

म : २२४ १६४ १७४
र : २२४ १६४ १७६
काना : २२४ १६४ १९०
ठ : २२४ १६४ १६०
दीर्घ वेलांटी : २२४ १६५ १२८

पंधरा बाइट, आणि त्यातले पाच २२४. दुसऱ्या जागी १६४ किंवा १६५, तिसरं काही नाहीच. हे समोर दिसलं की मुलं आपणहून विचारतात, "सर, पुढचा बाइट कोणता हे आधीच कळतंय, मग तो साठवायचा कशाला?" सगळं कॉम्प्रेशन या एका प्रश्नातून निघतं. बाइट मोजणाऱ्या हफमनला तो प्रश्न सुचतच नाही. २२४ किती वेळा आला एवढंच तो मोजतो, कुठे आला ते बघत नाही, आणि अगदी ठरलेल्या बाइटावरही निदान एक बिट खर्च करतो. पहिल्याच तासाला तो शिकवला की 'कॉम्प्रेशन म्हणजे वारंवारता मोजणं' ही समजूत घट्ट बसते, आणि पुढे ती निघता निघत नाही.

जुनी डिस्क

साफ असहमत, सर. वीस वर्षं सिस्टिम प्रोग्रॅमिंग करतो आहे. ज्यांनी हफमन हाताने केलेला नाही अशी मुलं कामावर येतात तेव्हा त्यांना टूल चालवता येतं, पण टूल अडलं की हातपाय गळतात.

आधी एक आठवण. १९५१ साली एमआयटीमध्ये रॉबर्ट फॅनो यांनी वर्गाला पर्याय दिला होता : परीक्षा द्या नाहीतर शोधनिबंध लिहा. डेव्हिड हफमन त्या वर्गातला विद्यार्थी. फॅनो यांची रीत वरून खाली फोडत जायची, हफमनने खालून वर जोडत नेलं आणि सर्वांत चांगला कोड मिळवला. १९५२ साली ते छापून आलं. विद्यार्थ्याने विद्यार्थी असताना शोधलेली गोष्ट विद्यार्थ्याला पेलणार नाही, असं का मानायचं?

आता हाताने करून दाखवतो. 'कच्चा पापड पक्का पापड' घ्या. प पाच वेळा, काना चार, क तीन, मोकळी जागा तीन, च दोन, ड दोन, हलन्त दोन. एकूण एकवीस. सगळ्यांत लहान दोन वजनं जोडायची, बेरीज परत रांगेत ठेवायची, असं शेवटपर्यंत. बेरजा येतात ४, ५, ७, ९, १२, २१. दर जोडणीत तिच्याखालच्या प्रत्येक चिन्हाच्या कोडात एक बिट वाढतो, म्हणून या बेरजांची बेरीज, ५८, हाच एकूण खर्च. म्हणजे अख्खं वाक्य ५८ बिटांत. माहितीशास्त्राचा पाया घालणाऱ्या शॅननच्या १९४८ च्या सूत्राने हीच वजनं धरून खालची मर्यादा काढा, ती ५७.१ येते. वहीच्या एका पानावर मुलगा गणिताच्या तळाला बोट लावून येतो. जीझिप चालवून फाइलचा आकार बघण्यात हा अनुभव कुठे आहे?

आणि हफमन जुना झाला असं कुणी म्हणू नये. झिप, पीएनजी, ब्रोट्ली, झेडस्टँडर्ड, सगळ्यांच्या पोटात तो आजही आहे.

खडूफळा

@जुनी डिस्क, उदाहरण फार आवडलं, आणि तेच माझ्या बाजूने वापरतो.

तुमचं वाक्य फाइलमध्ये ५७ बाइट घेतं, म्हणजे ४५६ बिट. त्यात वेगवेगळी चिन्हं फक्त सात. सातांना तीन बिट पुरतात. झाड न काढता नुसते सरळ तीन-तीन बिट दिले तरी एकवीस चिन्हांचे होतात ६३. म्हणजे ४५६ वरून ६३ वर आलो ते 'इथे सातच चिन्हं आहेत' एवढं ओळखल्यामुळे. हफमनने त्यापुढे वाचवले पाच बिट. आपण मुलांचे तीन तास त्या पाच बिटांवर घालवतो आणि आधीच्या ३९३ बद्दल एक वाक्यही बोलत नाही. मजकूर ओळखणं हे एक काम आणि कोड देणं हे दुसरं. पहिलं मोठं आहे, आणि वर्गात तेच गाळलं जातं.

शिवाय 'पापड' दोनदा आलाय हे झाडाला कधीच कळत नाही. लेम्पेल आणि झिव यांच्या १९७७ च्या रीतीला ते लगेच कळतं : २९ बाइट मागे जा, १३ बाइट उचल. मोकळी जागा आणि 'पापड' दोन्ही आले.

जुनी डिस्क

पण ही सात चिन्हं कोणती, हे समोरच्याला कळवायला नको का? तो तक्ता फाइलमध्ये कुठे लिहिला? तुमचे ६३ आणि माझे ५८, दोन्ही तक्त्याशिवायचे आहेत. हा प्रश्न झाड हाताने काढणाऱ्यालाच पडतो, कारण परत उलगडताना त्याला तक्ता लागतो.

झिप आणि जीझिपच्या आतली दाबायची रीत म्हणजे डीफ्लेट. तिच्यात याच्यावर दोन उपाय आहेत. एक तर तक्ता फाइलसोबत पाठवा, किंवा आधीच ठरलेला तक्ता वापरा म्हणजे तो पाठवायला नको. त्या ठरीव तक्त्यात ० ते १४३ या बाइटांना आठ बिट आणि १४४ ते २५५ ला नऊ. आता तुमचे 'मराठी'चे आकडे पुन्हा बघा. २२४, १६४, १६५, सगळे नऊ बिटांच्या घरातले. इंग्रजी अक्षरं सगळी आठांत. म्हणजे चार शब्दांचा मराठी निरोप ठरीव तक्त्याने पाठवला, तर मागच्या मजकुराशी जुळणी मिळाली नाही तिथे दाबायच्या ऐवजी तो फुगतो. हफमन मनात मुरल्याशिवाय ही गोष्ट कुणाच्या ध्यानात येईल, सांगा.

रात्रपाळी

दोघांनाही नमस्कार. मी सर्व्हर सांभाळते. तुमच्या दोन्ही बाजूंमध्ये एक गोष्ट राहून जाते : दाबायचं काय आहे आणि ते परत कधी लागणार आहे.

आधीच्या नोकरीत आमच्याकडे मराठी निरोपांच्या लाखो नोंदी होत्या, प्रत्येक नोंद दोन-तीनशे बाइटांची, आणि प्रत्येक वेगळी जीझिप केलेली. जीझिपचं डोकं आणि शेपूट मिळूनच १८ बाइट होतात. शिवाय प्रत्येक नोंद कोऱ्या पाटीवर सुरू होते, मागे बघायला काही नसतंच. दाबण्याची लेव्हल सहावरून नऊवर नेली, काही फरक नाही. वरिष्ठ म्हणाले, डिस्क वाढवा. मी झेडस्टँडर्डने आमच्याच नोंदींवरून नेहमी येणाऱ्या तुकड्यांचा कोश तयार केला, ती सोय टूलमध्येच आहे. कोशाचा आकार मुळात ११० केबीच्या आसपास असतो आणि नमुने त्याच्या शंभरेक पट असावेत असं त्याची माहितीपुस्तिका सांगते. त्यानंतर डिस्क वाढवायची वेळ आली नाही. हे मला ना झाडाने शिकवलं ना आकारांच्या तक्त्याने. 'मागे बघायला काही नाही' हे ज्या रात्री समजलं, त्या रात्री शिकले.

आणि एक. डीफ्लेटची मागे बघायची खिडकी ३२ केबी. इंग्रजीत ती बत्तीस हजार अक्षरं होतात, देवनागरीत एका चिन्हाला तीन बाइट म्हणून जेमतेम अकरा हजार. आधीच्या प्रकरणातलं नाव पुढच्या प्रकरणात आलं तर जीझिप ते विसरलेला असतो. एक्सझेड आणि झेडस्टँडर्डच्या खिडक्या मेगाबाइटांच्या आहेत. मोठ्या मराठी मजकुरावर त्यांचा फायदा का दिसतो, याचं एक मोठं कारण हे. ब्रोट्लीत तर सुमारे १२० केबीचा कोश आधीपासून भरलेला आहे आणि त्यात हिंदी शब्दही आहेत. मराठी कोश आपला आपणच करायचा आहे, आणि तो करण्यासारखा आहे.

जुने अंक

मी जुन्या मासिकांचं स्कॅनिंग करते, त्यामुळे माझा पहिला धडा वेगळाच असेल : जे दाबलं ते जसंच्या तसं परत येणार आहे का?

२०१३ साली जर्मनीत डेव्हिड क्रीझेल यांनी दाखवून दिलं की झेरॉक्सच्या काही यंत्रांतून स्कॅन केलेल्या नकाशावर खोल्यांची क्षेत्रफळं बदलत होती, आणि दुसऱ्या एका कागदावर ६ च्या जागी ८ येत होता. अक्षर पुसट झालं असतं तर कुणाच्याही लक्षात आलं असतं. इथे स्वच्छ, नीट, पण चुकीचा आकडा. कारण स्कॅन दाबणाऱ्या जेबिग-२ ची रीत : पानावरचे सारखे दिसणारे तुकडे एकदाच साठवायचे आणि बाकी ठिकाणी तोच डकवायचा. आमच्याकडे घ आणि ध, भ आणि म. पिवळ्या पडलेल्या पानावर शिरोरेषा तुटलेली असली की माणसालाही थांबून बघावं लागतं. म्हणून मूळ स्कॅन आम्ही बिनखोट रीतीनेच ठेवतो, कितीही जागा लागो. ज्या मुलाला हा फरक माहीत नाही त्याच्या हाती मी एक पानही देणार नाही, मग त्याला झाड येवो की टूल.

खडूफळा

@जुने अंक, हे पहिल्याच तासाला घेईन. पूर्ण मान्य.
@रात्रपाळी, खिडकीचा हिशेब माझ्या इतक्या वर्षांच्या टिपणांत नव्हता. आता असेल.

तिसरं वर्ष

मी विद्यार्थीच आहे, म्हणून थोडं भीतभीत. आम्हाला झाड शिकवलं, परीक्षेत आलं, मार्क मिळाले. पण समजलं ते सुट्टीत पायथॉनमध्ये एलझेड७७, म्हणजे लेम्पेल-झिव यांची ती १९७७ ची रीत, लिहिलं तेव्हा. पन्नासेक ओळी झाल्या. यापुढे काय वाचू? इंग्रजी चालेल, पण एकट्याने वाचून समजेल असं सांगा.

जुनी डिस्क

आरएफसी १९५१. १९९६ चा तांत्रिक दस्तऐवज, वीस पानांच्या आत, आणि त्यात डीफ्लेट पूर्ण आहे. शेजारी झेडलिब या डीफ्लेटच्या लायब्ररीसोबत येणारा मार्क अॅडलर यांचा 'पफ' उघडून ठेव. डीफ्लेट उलगडणारा तो छोटा सी प्रोग्रॅम वेगासाठी नाही, समजावा म्हणून लिहिलेला आहे. एक परिच्छेद दस्तऐवजाचा, एक फंक्शन 'पफ'चं, असं वाच. घाई करू नकोस.

खडूफळा

गणितासाठी डेव्हिड मॅके यांचं माहितीशास्त्रावरचं २००३ चं पुस्तक. त्यांनी ते पडद्यावर वाचायला मोफत ठेवलं होतं. मॅट महोनी यांचं कॉम्प्रेशनवरचं मोफत पुस्तकही आहे, त्यात 'ओळखणं' आणि 'कोड देणं' हा फरक सुरुवातीलाच येतो. पायथॉनमध्ये झेडलिब, बीझेड२ आणि एलझेडएमए आहेतच, ३.१४ पासून झेडस्टँडर्डही आलं. मोजायला सिलेसियाचा फाइलसंच घे, पण तुझी एक मराठी फाइल त्यात नक्की घाल.

तिसरं वर्ष

आभारी आहे सर, दादा. एक शंका. सरांनी 'पापड'साठी २९ मागे, १३ उचल असं लिहिलं होतं. माझा प्रोग्रॅम त्याच वाक्यावर २९ मागे, १४ उचल म्हणतोय. दोनदा तपासलं. उलगडल्यावर वाक्य बरोबर येतं. मग चूक कुठे आहे?

जुनी डिस्क

चूक नाही. वही घेऊन बस, बाइट बाइट लिही. 'पापड'च्या आधी दोन्हीकडे मोकळी जागा आहे, आणि मोकळ्या जागेच्या आधी? 'कच्चा'चाही शेवट कान्याने, 'पक्का'चाही कान्याने. काना म्हणजे २२४ १६४ १९०. तुझ्या प्रोग्रॅमने त्याच्या जरा आधी ३८ मागे जाऊन तीन बाइट उचललेले दिसतील : क चा शेवटचा १४९, आणि कान्याचे पहिले दोन. उरलेला १९० पुढच्या जुळणीला चिकटला, म्हणून १४. त्याला अक्षर कळत नाही, बाइट कळतात.

खरं तर तिथे १६ मिळायला हवेत, अख्खा काना धरून. तुझा प्रोग्रॅम हावरा आहे, मिळाली जुळणी की घेतली. जीझिप त्याच्या वरच्या लेव्हलांवर एक बाइट थांबून बघतो : पुढच्या बाइटापासून याहून लांब जुळणी मिळते का? मिळाली तर आधीचा बाइट सुटा सोडतो. तेवढं घालून बघ.

खडूफळा

१६ मलाही दिसले नव्हते. मी शब्द बघत होतो.

तिसरं वर्ष

थांबून बघायच्या सहा ओळी घातल्या. १४९ सुटा, मग २९ मागे, १६ उचल.